दम लागत नाही

१८ ऑगस्ट

नोकरीचा पहिला दिवस पार पडला. रडले नाही, हेच विशेष.

दवाखाना नारायण पेठेत, पहिल्या मजल्यावर. छातीच्या डॉक्टर स्पृहा आगाशे. फिजिओथेरपीची पदवी घेऊन वाशीमहून आले तेव्हा वाटलं होतं, पेशंटना व्यायाम शिकवायचे. मॅडमनी हातात फोन दिला. त्यांचा एक अभ्यास चालू आहे. फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्या माणसांना दर महिन्याला तेच आठ प्रश्न विचारायचे. खोकला किती, कफ किती, छाती भरून येते का, जिना चढताना दम लागतो का, घरातली कामं जमतात का, बाहेर पडायची भीती वाटते का, झोप कशी, अंगात ताकद कितपत. प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. बेरीज जितकी मोठी, तितकी तब्येत वाईट. फुप्फुसाची ताकद मोजायच्या, फुंकायच्या मशीनसाठी लोकांना दवाखान्यात यावं लागतं आणि लोक येत नाहीत. मग नुसत्या या बेरजेवरून पुढे कोण ढासळणार, कोणाला भरती करावं लागणार, कोणाचं किती आयुष्य, याचा अंदाज बांधता येतो का, हे मॅडमना बघायचंय.

"अंदाज म्हणजे ज्योतिष नव्हे," त्या म्हणाल्या. "ज्योतिषी पलीकडच्या गल्लीत बसतात. त्यांची फी माझ्यापेक्षा जास्त आहे."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पहिल्या पेशंट बायडाबाई. कात्रजच्या पुढचं गाव, आता महापालिकेत आलेलं. मुलगा रणजित गाडीतून घेऊन आला होता. मी विचारलं, "आजी, विडी, मिश्री वगैरे?" तर इतक्या रागाने बघितलं! "म्या कधी हात न्हाय लावला. चुलीपुढं जल्म गेला माझा." शेण्या, तुराट्या, पाचट, जे मिळेल ते जाळून स्वयंपाक. गॅस आला तोवर छाती गेलेली. स्वतःच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, खालचं बरंचसं भाड्याने. रोज सकाळी खाली उतरून मारुतीच्या देवळात बायकांबरोबर बसतात. परत चढताना किती दम लागतो विचारलं तर म्हणाल्या, "पाचाच्या वर आकडा न्हाय का तुज्याकडं?"

बेरीज सव्वीस. मॅडमनी पिवळ्या यादीत टाकल्या. हिरवे म्हणजे बरे, लाल म्हणजे काळजीचे.

२२ सप्टेंबर

बायडाबाईंना फोन. एकवीस! मी फोनवरच ओरडले, "अरे वा आजी, पाच मार्क कमी!" त्या इतक्या हसल्या. म्हणाल्या, "शाळंत कुणी घातली न्हाय, मार्क आत्ता मिळाय लागले."

आठ प्रश्न दहा मिनिटांत होतात. आम्ही बराच वेळ बोललो. वाशीमला भाकरी कशाची करतात, माझं लग्न का झालं नाही, पेइंग गेस्टच्या काकू जेवायला काय देतात. शनिवार पेठेत खोलीवर परत आल्यावर माझ्याशी इतकं कुणी बोलत नाही. नवरात्रात देवीला जाणार का विचारलं, तर म्हणाल्या, "औंदा हितूनच हात जोडायचं. देवीला समदं दिसतं." किती साधी श्रद्धा.

२७ ऑक्टोबर

दिवाळीला घरी जाऊन आले. आईने डबे भरून दिलेत.

बायडाबाई पंधरा! मला वाटलं माझीच बेरीज चुकली. पुन्हा विचारलं.

"जिना चढताना दम लागतो?"

"न्हाय लागत."

"अजिबात?"

"अजाबात न्हाय."

"घरातली कामं करताना अडचण?"

"कसली कामं, बाय? शेफाली मला हात लावू देत न्हाय."

शेफाली म्हणजे सून. कॉलेजला शिकवते, तरी सगळं सासूच्या हातात आणून देते. नशीब लागतं. कामांना शून्य, जिन्याला शून्य. बाहेर पडायची भीती? "आता भ्या कसलं!" शून्य.

मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, "म्हणजे सांगितलेलं औषध सांगितल्यासारखं घेणारा एक तरी पेशंट या शहरात निघाला." मग चष्मा काढून विचारलं, "मशीन काय म्हणतं?" फुंकायच्या टेस्टला बायडाबाई आलेल्याच नाहीत. रणजितदादा म्हणाले, दिवाळी होऊ दे. मी मॅडमना म्हटलं, मॅडम, एवढी सुधारणा आहे, उगाच कशाला त्यांना एवढ्या लांबून आणायचं? मॅडमनी नाव हिरव्या यादीत टाकलं. हिरव्यांना दोन महिन्यांतून एकदाच फोन. त्याचं मात्र थोडं वाईट वाटलं.

९ नोव्हेंबर

सगळे बायडाबाईंसारखे नसतात. आज नारायण पेठेतले एक निवृत्त बँक अधिकारी. मी विचारलं, कफाला शून्य ते पाचपैकी किती? म्हणाले, "साडेतीन चालेल का?" नाही म्हटलं. "मग तुमची पट्टीच ढोबळ आहे. माझा कफ नाही." आणि फोन ठेवला.

हसू आलं, पण नंतर विचार करत बसले. माझ्या तीनाचा आणि त्यांच्या तीनाचा दम एकच कसा असेल? एक माणूस शिंक आली तरी पाच सांगतो. दुसरा मरायला टेकला तरी एक. यातून कोणाचं किती आयुष्य ते कळणार? मॅडमना विचारायचं धाडस झालं नाही.

३ डिसेंबर

बायडाबाईंचाच मिस्ड कॉल. मी लावला. "सहज केला गं," म्हणाल्या. "तुजा फोन न्हाय लई दिस."

त्यांच्याकडे रेंज अगदी वाईट आहे. दोन शब्द ऐकू यायचे, मग काहीच नाही, मग पुन्हा दोन शब्द. मी म्हटलं, खिडकीत या आजी. तर म्हणाल्या, हितंच बरं हाय.

मलाच म्हणाल्या, "इचार की प्रश्न." त्यांचा फोन या महिन्याच्या शेवटी आहे, पण एवढं म्हणतायत तर विचारले. अकरा! मी इतकी कौतुकाने बोलले की शेजारच्या टेबलावरची रिसेप्शनिस्ट सलोनी वळून बघायला लागली. झोप कशी विचारलं तर म्हणाल्या, "लई लागती. दिसाबी लागती." म्हणजे झोपेलाही शून्य. सकाळी डोकं दुखतं म्हणत होत्या. डोकेदुखीचा प्रश्न आपल्या आठात नाही. थंडी पडलीय, कान बांधून घ्या, असं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, जानेवारीतल्या परिषदेत ही केस दाखवू. पाठीमागे फोटो, पुढे उतरता आलेख.

१७ डिसेंबर

फोटो आणि संमतीची सही आणायला उद्या मी स्वतः जाणार. आजींना फोन केला, शेफालीताईंनी घेतला. "आई झोपल्यात. या ना, त्यांना आवडेल. सारखं तुमचंच नाव असतं." काय न्यावं? चिक्की घेतली. मग आठवलं, दात नाहीत. राजगिऱ्याचे लाडू घेतले.

१९ डिसेंबर

कालचं लिहिते.

कात्रजच्या स्टँडवरून रिक्षा केली. इमारत मोठी, खाली मोबाइलचं दुकान आणि रणजितदादांचं प्लॉटिंगचं ऑफिस. लिफ्ट नाही. जिना अरुंद आणि इतका उभा की तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा मलाच धाप लागली होती. कठड्याला धरून उभी राहिले. या जिन्याला शून्य?

शेफालीताईंनी दार उघडलं. मी आधी तेच विचारलं, "आजी खाली कधी उतरल्या होत्या?"

"गौरी-गणपतीत. का हो?"

म्हणजे माझ्या पहिल्या फोनच्याही आधी.

आजी आतल्या खोलीत खुर्चीत बसल्या होत्या, पुढे टेबलावर उशा रचून त्यावर डोकं टाकून. "आडवं झालं की बरं वाटत नाही म्हणतात," शेफालीताई सांगत होत्या. "महिनाभर अशाच झोपतात. पण झोप लागते हो छान." पाय सुजून चकचकीत झालेले. ओठांचा रंग जांभळासारखा. मी हाक मारली. डोळे अर्धवट उघडले, "आक्का, आलीस व्हय," म्हणाल्या आणि पुन्हा मिटले. आक्का त्यांची बहीण, कधीच गेलेली.

पिशवीतलं बोटाला लावायचं यंत्र काढलं. ऑक्सिजन एकाहत्तर. वाटलं यंत्र बिघडलं. माझ्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. पुन्हा त्यांच्या. सत्तर.

मी ओरडले असणार, कारण रणजितदादा खालच्या ऑफिसमधून धावत आले. आकडा बघितला आणि पुन्हा बाहेर पळाले. आले ते खांद्यावर सिलिंडर घेऊन. करोनात त्यांच्या वडिलांसाठी आणलेला. वडील हॉस्पिटलमधून परत आले नाहीत, पण सिलिंडर त्यांनी दर वर्षी भरून ठेवला होता. मास्क लावला, किल्ली पूर्ण फिरवली. ऐंशी. पंच्याऐंशी. त्र्याण्णव. सत्त्याण्णव.

"झालं!" रणजितदादा मटकन खाली बसले. शेफालीताई रडायला लागल्या. मीही सुटकेने भिंतीला टेकले.

आणि मग दिसलं, की आजी आता हाकेलाही डोळे उघडत नाहीत. श्वास संथ झाला होता. छाती वर यायची आणि पुढची वेळ येईपर्यंत मी माझाच श्वास धरून बसायचे.

मॅडमना फोन लावला. रेंज पूर्ण होती.

"ऑक्सिजन किती सोडलाय?"

"पूर्ण, मॅडम. सत्त्याण्णव आहे."

"एक लिटरवर आण. आत्ता. नव्वदच्या आसपास राहू दे, वर नको. तिच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलाय, एवढ्या ऑक्सिजनने तो अजून वाढतोय. श्वास बंद पडेल. आणि जवळच्या हॉस्पिटलला हलवा, मी तिथे बोलते."

मी किल्लीला हात घातला. रणजितदादांनी मनगट धरलं.

"काय करताय?"

"कमी करायला सांगितलंय."

"कमी? आकडा वाढलाय ना मॅडम! दिसतंय ना तुम्हाला? आमचा बाप ऑक्सिजन मिळाला न्हाय म्हणून गेला, आणि तुम्ही आईचा बंद करताय?"

"दादा, आकडा चांगला आहे, आजी नाहीत. त्यांच्याकडे बघा."

सोडलं नाही. उलट जास्तच आवळलं. मी म्हटलं, "हाक मारा त्यांना. तुमच्या हाकेला तरी उघडतात का डोळे, बघा." ते म्हणाले, "आई." मग मोठ्याने, "आई!" खोलीत काहीच हललं नाही.

शेफालीताईंनी त्यांचे हात माझ्या मनगटावरून सोडवले. "अहो, करू द्या त्यांना." मी किल्ली फिरवली. सत्त्याण्णवचे नव्वद झाले, एकोणनव्वद झाले, आणि रणजितदादा तोंड फिरवून उभे राहिले. माझी खात्री होती असं नाही. कॉलेजात एका तासाला ऐकलेलं होतं, परीक्षेत सुटलेला प्रश्न होता. आकडा खाली येताना मी मनात फक्त मॅडमचा आवाज धरून ठेवला होता.

प्लॅस्टिकच्या खुर्चीला ओढणीने बांधून उतरवलं. दुसऱ्या मजल्यावरचे दोन भाडेकरू आले. वळणावर खुर्ची वळेना. सिलिंडर माझ्याकडे, मास्क शेफालीताईंनी धरलेला. वळणावर एकाचा पाय घसरला, खुर्ची भिंतीवर आपटली, आणि आजी कण्हल्या. एवढा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

हॉस्पिटलमध्ये घट्ट मास्कचं मशीन लावलं. जगतील की नाही, कोणीच सांगत नाही. मीही तिथेच होते, अंदाज सांगायच्या अभ्यासातली.

२० डिसेंबर

रणजितदादा आयसीयूच्या बाहेर भेटले. ओरडतील वाटलं होतं. शांतपणे म्हणाले, "शेफाली दोनदा म्हणाली, आईला दाखवून आणू. मीच म्हणालो, दवाखान्यातून फोन येतो, मार्क कमी होतायत, कशाला? तुम्हीच सांगत होता ना मॅडम, बरं हाय म्हणून?"

हो. मीच सांगत होते.

मॅडमकडे गेले, राजीनामा देते म्हटलं. म्हणाल्या, "पुण्यात भाडं भरायला दुसरी नोकरी शोधलीयस? नाही? मग बस." मग त्यांनी बायडाबाईंची फाइल उघडली. "प्रश्न मी निवडले. जिना चढताना दम लागतो का, असं विचारलं. जिना चढता का, हे विचारलंच नाही. सकाळची डोकेदुखी आणि दिवसाची झोप म्हणजे कार्बन डायऑक्साइड साठल्याची खूण, तिला आपल्याकडे मार्कच नव्हते. ती एकही खोटं बोललेली नाही. एकेक गोष्ट सोडत गेली आणि आपण एकेक मार्क कमी करत गेलो."

फाइल मिटून म्हणाल्या, "आणि मशीनचा आग्रह मी सोडला. मला आलेख आवडला होता."

त्यांना असं बोलताना मी प्रथमच ऐकलं.

२५ डिसेंबर

शुद्धीवर आल्या! मास्क काढून नाकात नळी लावलीय. मला बघून आधी तोंड वळवलं. मी खाटेच्या काठावर बसले.

"आजी, मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी तोंड माझ्याकडे फिरवलं. मग म्हणाल्या, "सांगितलं असतं तर हितं आणलं असतं. मालकास्नी आणलं ते परत न्हाय आले." दम घेतला. "आन तू खूश व्हायचीस. कमी सांगितलं की लई खूश व्हायचीस. म्या बी मग..."

मला बाहेर जावं लागलं.

१२ जानेवारी

मॅडम आणि मी हिरव्या यादीतल्या सगळ्यांच्या घरी जाऊन आलो. बरेचजण खरंच बरे आहेत, एक आजोबा तर दारात सायकल पुसत होते. पण धनकवडीतल्या एक बाई गेल्या पावसाळ्यापासून उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. बेरीज नऊ. त्यांना लगेच भरती केलं.

आता आठ प्रश्नांच्या आधी मी विचारते, "काल दिवसभरात काय काय केलंत?" आणि लिहून घेईपर्यंत शाबासकी देत नाही. शाबासकी न देणं किती कठीण आहे!

परिषदेत मॅडमनी बायडाबाईंचा आलेख दाखवला, फोटो न लावता. शेवटच्या बिंदूपुढे आयसीयूची तारीख. बँक अधिकाऱ्यांचं साडेतीन मी त्यांना सांगितलं होतं, तेही सांगितलं. लोक हसले. आजींच्या वेळी कोणी हसलं नाही. प्रश्न टाकून द्यायचे नाहीत, असं त्या म्हणाल्या. उत्तरं ऐकणारा माणूस समोर हवा, आणि मशीनही हवं.

६ फेब्रुवारी

आजींकडे गेले. रणजितदादांनी प्लॉटिंगचं ऑफिस रिकामं करून त्यांना खाली आणलंय. घरी ऑक्सिजनचं मशीन आहे, बारीक नळी, एक लिटर. मी व्यायाम शिकवायला आठवड्यातून एकदा येते, शेवटी तेच काम मिळालं.

आज प्रश्न झाले. एकोणतीस. ऑगस्टपेक्षा वाईट. पण त्या दारापर्यंत चालतात, बाहेरच्या बाकावर बसतात, भाजीवाल्याशी भांडतात. चालतात म्हणून दम लागतो, आणि लागला की लागला म्हणतात.

रणजितदादा दारात उभे होते. आजी मला म्हणाल्या, "तुझं समदं इचारून झालं. आता माजं. किती राहिलं माजं?"

रणजितदादा म्हणाले, "आई, काय बोलतीस..."

"तू गप. तिला इचारते."

मला खोटं बोलता येत होतं. चार महिने मी तेच तर करत होते, न कळता. म्हटलं, "आजी, नेमकं कोणालाच सांगता येत नाही. पण असं एकदा होऊन गेलेली माणसं पुन्हा भरती होतात. काही वर्षं जगतात काहीजण. काहीजण वर्षही काढत नाहीत. पुढचा हिवाळा अवघड असेल."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. पदराने नळी सारखी केली.

"मग ते तोंडाला बांदत्यात ते मला पुन्यांदा नको. त्यात जीव गुदमरतो. माजं माज्या माणसात हू दे."

रणजितदादा रस्त्यावर जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. "उद्या आगाशे मॅडमला मी फोन करतो," म्हणाले. "आईचं म्हणणं मी सांगतो."

"मी सांगीन," आजी म्हणाल्या. "तू नुस्ती गाडी काढ."

९ फेब्रुवारी

आल्या. पण दवाखाना पहिल्या मजल्यावर! मला आदल्या दिवशी सुचायला हवं होतं. रणजितदादा उचलून न्यायला तयार, आजी उचलून घ्यायला अजिबात तयार नाहीत. मी वर पळाले. मॅडमनी ऐकलं, स्टेथोस्कोप गळ्यात टाकला आणि म्हणाल्या, "पाय मलाही आहेत."

गाडीच्या मागच्या सीटवर त्या आजींच्या शेजारी बसल्या. रणजितदादा पुढे, मागे वळून. काचा वर. नारायण पेठेत दुपारी बारा वाजता मधोमध उभी गाडी. हॉर्न सुरू झाले. एक काका स्कूटर थांबवून म्हणाले, "रस्त्यात दवाखाना उघडलाय काय?"

"हो," मी म्हटलं. "तपासणी चालू आहे. पाच मिनिटं थांबा."

ते का कोण जाणे, थांबले. मागच्यांनाही थांबायला सांगितलं.

काचेतून दिसत होतं, आजी बोलतायत. थांबतायत, दम घेतायत, पुन्हा बोलतायत. मॅडम मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. रणजितदादांनी एकदा मान खाली घातली, मग वर करून हो म्हटलं.

मॅडम उतरल्या. मला म्हणाल्या, "मास्कचं मशीन नाही. बाकी सगळं घरीच करायचं. फाइलवर मोठ्या अक्षरात लिही, मी सही करते." आणि कोणाकडेही न बघता जिना चढून गेल्या.

आजींनी काच खाली केली. चेहरा थकलेला, कपाळावर घाम.

"सांगितलं बघ समदं," म्हणाल्या. "आता भूक लागली. हितं मिसळ कुठं मिळती?"